परत पाठवलेला साचा

साबाए, ८ जानेवारी २००२

तामोत्सु,

तुझं नववर्षाचं कार्ड पोचलं. नाव बाबांचं होतं, पण घरचं टपाल आता मी उघडतो.

सुतकाच्या वर्षी आपल्याकडे कुणी कुणाला शुभेच्छा पाठवत नाही, हे तू चीनला जाऊन विसरला असशील असं वाटत नाही. म्हणजे घरात सुतक आहे हेच तुला ठाऊक नाही. तर ऐक. तुझी आई ऑक्टोबरअखेर वारली. साधी सर्दी म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

कळवलं नाही, कारण बाबा म्हणाले, "त्याला कळवायची गरज नाही." सातोएने मात्र दोनदा विचारलं, "दादाला कळलंय ना?" मी मान डोलावली. तू आला नाहीस. तुझी फुलंही आली नाहीत. गल्लीतल्या प्रत्येकाने ते पाहिलं, आणि ज्यांच्या मनात तुझ्याबद्दल थोडाफार ओलावा होता तोही त्या दिवशी आटला. मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला लिहू?

कार्डावरचा फोटो झकास आहे. नवी इमारत, निळ्या गणवेशातल्या पोरींच्या रांगा, मधोमध सूट घातलेला तू, आणि खाली तुझ्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात: "यंदा आणखी एक मजला चढवतो आहोत. त्सुकादालाही नमस्कार सांगा."

त्सुकादा आता कुणी नाही. गेल्या वर्षी बाबांनी मला रीतसर दत्तक घेतलं. तांत्रिक शाळेत तुझ्या शेजारच्या बाकावर बसणारा, रविवारी तुझ्या घरी सोबाच्या शेवया ओरपायला येणारा, पुढे तुझ्याच बहिणीशी, सातोएशी, लग्न केलेला त्सुकादा कात्सुनोरी चाळिशीत घरजावई झाला. ओनोला, माझ्या गावी, वडिलांना सांगायला गेलो तर म्हणाले, "अरे, घरात तीन मापं कोंडा उरला असेल तोवर माणसाने घरजावई होऊ नये." मी म्हटलं, "आबा, कुणीतरी व्हायलाच हवं होतं." त्यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला.

कुणीतरी व्हायला हवं होतं, कारण घरचा मुलगा पळाला होता. तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "बाबा, पाच वर्षांत एकतर आपण चीनमध्ये असू, नाहीतर कुठेच नसू." बाबा फ्रेमची काडी फडक्याने पुसत होते. म्हणाले, "साबाएत न झालेला चष्मा मी विकणार नाही." तू म्हणालास, "मग विकूच नका!" आणि निघालास. गेलास तो एकटा गेला नाहीस. हाँगकाँगच्या त्या दलालाचा हात धरलास आणि आपल्या तोक्योच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं अर्धं काम उचलून नेलंस. आपलेच नमुने, आपलेच आकार, भाव तिसरा हिस्सा.

तुझं कार्ड मी शेगडीत टाकलं. पुन्हा असलं काही पाठवू नकोस. कारखान्याचा ई-मेल सातोए बघते, म्हणून हे हाताने लिहितो आहे.

कुरोइवा कात्सुनोरी
अध्यक्ष, कुरोइवा चष्मा कारखाना


साबाए, ११ एप्रिल २००२

तामोत्सु,

तुझं उत्तर आलं. एकच ओळ: "आई शेवटी काही म्हणाली का?"

म्हणाली. पण ते सातोएशी म्हणाली आणि सातोएने मला सांगितलं नाही. तुला हवं असेल तर तिला विचार. पण तिला विचारलंस तर तुला केव्हा कळलं तेही सांगावं लागेल, आणि मग माझ्या घरात आग लागेल. तेही तुला आवडेल म्हणा.

आता कामाचं. तोक्योचं उरलेलं अर्धं कामही तुला मिळालं, अभिनंदन. त्यांचा खरेदीवाला स्वतः आला होता. तिशीचा पोरगा, बूट असे चकचकीत की जिन्यात काढून ठेवल्यावर आपली माणसं वाकून बघत होती. त्याने टेबलावर दोन फ्रेमा ठेवल्या. "कुरोइवासान, यातली तुमची कुठली?" बाबांनी दोन्ही हातात घेतल्या, बिजागरीच्या आतून बोट फिरवलं आणि एक पुढे सरकवली. "ही माझी. ती माझ्या मुलाची."

"बरोबर," तो म्हणाला, "पण ओळखायला तुम्हाला बोट लावावं लागलं. दुकानात येणारी माणसं आतून बोट फिरवत नाहीत. ती किमतीची चिठ्ठी बघतात."

 चहा घेऊन आलेली सातोए मध्येच म्हणाली, "मग ज्या वस्तू बोट लावल्याशिवाय कुणी घेतच नाही, अशा कुठल्या असतात?" पोरगा हसला. म्हणाला, "ते मला नाही माहीत, वहिनी. मी चष्मे विकतो." मी तिला डोळ्यांनी आत जायला सांगितलं. व्यवहाराच्या बैठकीत असले प्रश्न शोभत नाहीत.

मागच्या शेडमधल्या प्रेसवर आता ताडपत्री आहे. शिगेनोला मी मुदतीआधी निवृत्त व्हायला सांगितलं. बत्तीस वर्षं झाळकाम केलेला माणूस. त्याने टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि पंधरवड्यात तुझ्या पगारावर तुझ्याकडे डोंगग्वानला गेला. सोबाच्या दुकानात मला ऐकू जाईल अशा बेताने एकजण म्हणाला, "पोटचा मुलगा माणसं घेतो, घरजावई माणसं काढतो." मी वाडगा अर्धा टाकून उठलो.

तुझा एक मजला आणखी चढला असेल. ज्या विटांनी चढला त्या कुठून आल्या, ते तुला माहीत असलेलं बरं.

कुरोइवा कात्सुनोरी
अध्यक्ष


साबाए, २० नोव्हेंबर २००२

तामोत्सु,

आम्ही चिमटे करतो ही बातमी तुझ्यापर्यंत पोचली तर. शिगेनोच्या बायकोच्या तोंडाला कुलूप नाही. तू लिहितोस, "चिमट्यांनी तीस माणसांची पोटं भरणार? त्यापेक्षा भुवया कोरायचं दुकान काढ." वाचून शेजारच्या खोलीतल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी तुला शिव्या घातल्या.

हे भुवयांचे चिमटे नाहीत. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे आहेत. बुबुळावरचा तो पातळ पापुद्रा असतो ना, कांद्याच्या सालीहून पातळ, तो न फाटता उचलायचा. जर्मन चिमटे वापरतात, पोलादी, वजनदार. टायटॅनियमचे केले तर निम्म्या वजनाचे होतील, हात थकणार नाही. आणि टायटॅनियम दाबायला, वाकवायला, झाळायला या गावाइतकं कुणाला येतं? कल्पना माझी. सातोए तिच्या मावशीला मोतीबिंदूसाठी फुकुईच्या इस्पितळात घेऊन गेली होती, तिथल्या डॉक्टर नाकासेंशी काही बोलून आली, त्यांचा एक जुना चिमटा मागून घेऊन आली, एवढं खरं. पण कारखान्यात कसं करायचं ते मीच ठरवलं.

तुला खरं सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण साच्याचं दुखणं साबाएत दुसऱ्या कुणाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बँकेत पोचेल. टोकं जुळत नाहीत. टायटॅनियम दाबलं की सुटताना उलटं उसळी मारतं, ते गृहीत धरून साचा जास्त वाकवावा लागतो. काडीला ते जमतं, कारण काडी कानामागे थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते. इथे चालत नाही. नाकासेंनी माझा नमुना भिंगाखाली धरला, एक तंतू उचलायचा प्रयत्न केला, तो सुटला. पुन्हा उचलला, पुन्हा सुटला. मग भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "कुरोइवासान, टोकं भेटतात हो एकमेकांना. पण ओळख दाखवत नाहीत."

त्यांची नर्सबाई हसली. मीही हसलो, करतो काय?

शाळेत साचेकामात तू पहिला यायचास आणि मी दुसरा, हे तुला आठवत असणार. मलाही आठवतं. म्हणून लिहून ठेवतो: हा साचा मी करणार. तुझ्यावाचून करणार.

कुरोइवा कात्सुनोरी


साबाए, ३ एप्रिल २००३

तामोत्सु,

तुझी लाकडी पेटी आली. तशीच परत पाठवतो आहे. मी साचा पेटीतून बाहेर काढलासुद्धा नाही.

नेमकं काय झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणजे पुन्हा असला आगाऊपणा करणार नाहीस. पेटी बाबांच्या नावाने आली. मी खिळे उपटले. आत तेलकट कागद, कागदात साच्याचे दोन अर्धे भाग. मी बाबांना विचारलं, "हा कुणाचा?"

"लोखंडाचा," म्हातारा म्हणाला.

"बाबा!"

"मी तामोत्सुला फोन केला. चिमट्याचा नकाशा सातोएने पाठवला. तू इतके महिने घासतोयस, होत नाहीये. त्याने करून पाठवला. लाव आणि काम सुरू कर."

चार वर्षं ज्या मुलाचं नाव या घरात निघत नव्हतं, त्याला फोन झाला. मला न विचारता. मी अध्यक्ष! मी म्हटलं, "उद्या गावात काय म्हणतील? दत्तक घेतलेल्याला जमलं नाही म्हणून पळालेल्याच्या पाया पडले?"

सातोए दारात उभी होती. म्हणाली, "गावाला चिमटे विकायचेत की डॉक्टरांना?"

"तू यात पडू नकोस."

"पडलेच आहे. नकाशा मीच काढला."

मी त्याच दुपारी पेटीला खिळे ठोकले. टपाल कचेरीपर्यंत स्वतः हातगाडीवर नेली. बाबा ओसरीवर बसून बघत होते. सातोए त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तुला हेच हवं होतं ना? पैसे नाही मागितलेस, अट नाही घातलीस, नुसती पेटी. म्हणजे आम्ही जन्मभर तिच्या ओझ्याखाली वाकून चालायचं.

तुमच्याकडे त्या तापाची साथ आहे, ते टीव्हीवर दाखवतात. रस्त्यात सगळे तोंड बांधून फिरताना दिसतात. म्हातारा बातम्या सुरू झाल्या की कानातलं यंत्र मोठं करून जवळ जाऊन बसतो. "तोंडाला फडकं बांधतोस का म्हणून विचार त्याला," असं त्याने मला तीन वेळा सांगितलं. मी विचारत नाही. तो विचारतो आहे.

कुरोइवा कात्सुनोरी


साबाए, १८ ऑगस्ट २००३

तामोत्सु,

पितरांचे दिवस संपले. आईच्या थडग्यावर आम्ही पाणी घालून आलो. बाबांना चढण झेपली नाही, मी पाठीवर घेतलं. हे तुझं काम होतं. वजन अगदीच कमी झालंय त्यांचं, पण तुला काय त्याचं.

शिगेनो सुट्टीवर आला होता. थडग्यांपाशीच भेटला. मला बघून आधी टाळायला बघत होता, मग स्वतःच पुढे आला. त्याने सांगितलं ते ऐकून मी त्या दिवशी साके थोडी जास्तच घेतली, आनंदाने. तुझा उजवा हात, तो ल्याओ, ज्याला तू काडी कशी धरायची इथपासून शिकवलंस, त्याने तुझ्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे स्वतःचा कारखाना काढला म्हणे. तुझे नमुने, तुझे आकार, भाव तुझ्याहून कमी. तोक्योचा तो चकचकीत बुटांचा पोरगा आता रस्ता ओलांडून तिकडे जातो. वरचा मजला रिकामा आहे.

कसं वाटतं, तामोत्सु? आपलंच शिकवलेलं पोर आपल्याच दारात उभं राहून स्वस्तात विकायला लागलं की कसं वाटतं, हे आता बाबांना फोन करून सांग. त्यांना त्यातलं कळतं.

शिगेनो म्हणाला, "तामोत्सुसान हल्ली साचेखान्यातच असतात. डबाही तिथेच मागवतात. ल्याओने सगळं नेलं, पण साचे करणारा हात त्याला नेता आला नाही, असं म्हणतात."

मी म्हटलं, "छान. म्हणू दे."

मग तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "तो तुमचा परत आलेला साचा त्यांनी उघडला तेव्हा मी तिथेच होतो. भिंग लावून बघितला आणि हसायला लागले. म्हणाले, यावर एक ठोका मारलाय. दाबल्याची खूण आहे."

बरं. मारला एक ठोका. एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं की पेटीतून काढला नाही, ते खोटं होतं. सगळे जेवायला गेले होते तेव्हा साचा प्रेसला लावला आणि एकच चिमटा पाडला. भिंगाखाली धरला. टोकं जुळली होती. नुसती जुळली नव्हती, त्यांच्यातून उजेड जात नव्हता. तो चिमटा मी नदीत फेकला. हिनो नदीच्या पुलावरून. आता हसत बस.

माझा स्वतःचा साचा पाचव्यांदा फसला. डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा वाक तू वेगळा ठेवला होतास, ते मी पाहिलं होतं. त्या वेळी वाटलं, तुझी चूक आहे. नंतर तसंच करून बघितलं, पण किती वेगळा ठेवायचा ते हाताला सापडत नाही. पत्रा लाटताना ज्या दिशेने लाटला जातो त्याचा यात काही संबंध असावा, एवढंच कळतंय.

सहा माणसं कमी केली. नाकासेंनी निरोप धाडला आहे की नव्या वर्षापर्यंत झालं नाही तर इस्पितळ पुन्हा जर्मन माल मागवेल, आणि मग त्यांना काही करता येणार नाही.

यातलं तुला का सांगतो आहे, मला कळत नाही. ल्याओच्या बातमीने जीभ सैल झाली असेल.

कात्सुनोरी


साबाए, २९ ऑक्टोबर २००३

तामोत्सु,

सातोए ओसाकाला मावसबहिणीकडे जाते म्हणून गेली. आज मावसबहिणीचा फोन आला, सातोए कशी आहे विचारायला.

ती तुझ्याकडे आहे. पासपोर्ट कधी काढला, मला पत्ता नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "विमानात खायला देतात का रे चांगलं?" म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं.

तिला ताबडतोब परत पाठव. आणि एक लक्षात ठेव. माझ्या त्या पहिल्या, जानेवारीच्या पत्राबद्दल तिला एक अक्षर जरी बोललास, तर आपल्या दोघांत जे काही उरलंसुरलं आहे तेही उरणार नाही.

कात्सुनोरी


साबाए, १ डिसेंबर २००३

तामोत्सु,

हे पत्र मी मनाने लिहीत नाही. लिहायला सांगितलं आहे म्हणून लिहितो. कुणी सांगितलं ते शेवटी सही बघून कळेल, पण आधी काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण सातोएने तुला अर्धंच सांगितलं असणार.

ती आली ती एका बाजूला झुकत आली. खांद्यावरच्या पिशवीत साचा होता. इतकं लोखंड घेऊन विमानात कशी बसली, देव जाणे. जेवणाची वेळ होती. बाबा, मी आणि मधे माशाचं ताट. तिने ताट बाजूला सरकवलं आणि साचा तिथे ठेवला.

"हा मी आणलाय," ती म्हणाली. "परत पाठवायचा असेल तर आधी मला पाठवावं लागेल."

मी म्हटलं, "न विचारता गेलीस. नवऱ्याला खोटं सांगून."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "दादाला आई गेल्याचं कधी कळलं, माहितीये तुम्हाला? जानेवारीत. तुमच्या पत्राने. मी दोनदा विचारलं होतं. तुम्ही मान डोलावली होतीत."

म्हणजे तू सांगितलंसच. मी तुझ्या जागी असतो तर मीही सांगितलं असतं, ते सोड. त्यावर मी तिला काय उत्तर दिलं ते तुला कळायचं कारण नाही.

मग बाबांची पाळी. म्हातारा म्हणाला, "न कळवायला मीच सांगितलं होतं."

"माहितीये. म्हणूनच तुमच्याशीही बोलायचंय," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही एक मुलगा घालवलात आणि एक बाहेरून आणलात. तिसरं अपत्य घरात चहा करत होतं. मला कुणी दत्तक घेतलं नाही, कुणी हाकललं नाही, आणि कुणी काही विचारलंही नाही. गिऱ्हाइकांचे फोन मी घेते. डॉक्टर मी शोधले. नकाशा मी काढला. आता करारही मी करून आलेय."

बाबांनी विचारलं, "कसला करार?"

तो तुला माहीत आहे, तुझीच सही आहे त्यावर. साचे तू करणार. स्वस्त फ्रेमांचे कच्चे भाग तुझ्याकडे दाबले जाणार, म्हणजे तुझा वरचा मजला भरेल. झाळकाम, घासकाम, पॉलिश आणि चिमट्याचं सगळं काम इथे होणार. ज्याला बोट लावावं लागतं ते साबाएत, ज्याला लागत नाही ते तिकडे. आणि फ्रेमवर कुठे काय झालं ते खरं खरं लिहायचं. बाबा बराच वेळ साच्यावरून बोट फिरवत बसले. मला वाटलं होतं की आता म्हणतील, साबाएत न झालेला चष्मा मी विकणार नाही. ते म्हणाले, "डाव्या बाजूला घासणी उलटी फिरवलीय त्याने. लहानपणीही अशीच फिरवायचा."

मी म्हटलं, "मी अध्यक्ष असेपर्यंत या कारखान्यात तामोत्सुचा साचा लागणार नाही."

"मग अध्यक्ष राहू नका," सातोए म्हणाली.

मी बाबांकडे बघितलं. भागभांडवल त्यांच्या नावावर आहे, तुला माहीत आहेच. म्हाताऱ्याने मासा पुन्हा स्वतःकडे ओढला, काटा काढला आणि खाली बघूनच म्हणाला, "कात्सुनोरी, तुला मी नाव दिलं ते परत घेणार नाही. खुर्ची तेवढी सोड."

मी गाडी काढली आणि हिनोच्या काठाला जाऊन बसलो. ओनोला वडिलांकडे जावं असं फार वाटलं. गेलो नाही. काय सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सोमवारी सकाळी कारखान्यात गेलो तो नोकरी सोडायचा अर्ज खिशात घालून. अध्यक्षांच्या खुर्चीत ती बसली होती. वाकून "सुप्रभात" म्हणाली, जसं सगळ्यांना म्हणते तसं. मी अर्ज टेबलावर ठेवला. तिने वाचला नाही.

"साचेविभाग तुम्ही बघा," ती म्हणाली. "तिथे तुमच्याहून चांगला माणूस मला मिळणार नाही. एक आहे, पण तो चीनमध्ये आहे."

"अपमान करतेस?"

"हिशेब सांगतेय. घरी काय ते घरी बोलू. ते लवकर मिटणार नाही, तयारी ठेवा. पण नाकासे डॉक्टरांना नव्या वर्षाआधी नमुने हवेत. प्रेस कोण लावणार?"

माझ्याशिवाय प्रेस लावायला कुणी नव्हतं. मीच काढून टाकले होते सगळे.

मी साचा लावला. शंभर चिमटे पाडले. सातोए आणि मी इस्पितळात घेऊन गेलो. नाकासेंनी एक उचलला, भिंगाखाली धरला, तंतू उचलला, सोडला, पुन्हा उचलला. मग दुसरा, मग तिसरा. माझ्याकडे न बघता सातोएला म्हणाले, "अध्यक्षीणबाई, हे मी उद्याच्या शस्त्रक्रियेला वापरू का?" ती हो म्हणाली आणि तिथल्या तिथे कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. मी पाण्याचा कप आणून दिला. तिने घेतला.

काढलेल्या सहांपैकी चारजण परत आले आहेत. दोघं आले नाहीत, ते माझ्या डोक्यावर. शिगेनोला सांग, त्याची बायको दर दोन दिवसांनी कारखान्यात येऊन विचारते की झाळकामाची जागा भरली का. भरलेली नाही.

आता मूळ कारण. पत्र्याचा नवा गठ्ठा आला आहे. पत्रा बनवणारा कारखाना तोच, जाडी तीच, पण उसळी वेगळी आहे. डावं टोक केसभर बाहेर राहतं. मी उजव्या बाजूला घासून जुळवायचा प्रयत्न केला, जुळत नाही. आणखी घासलं तर साचा मरेल. मी अध्यक्षांना म्हटलं, माझं मी बघतो. त्या म्हणाल्या, "एक वर्ष बघितलंत. दादाला लिहा." मी म्हटलं, तुम्हीच लिहा. त्या म्हणाल्या, "मला साच्यातलं कळत नाही. तुम्हा दोघांनाच कळतं. लिहा."

म्हणून विचारतो. पत्रा बदलला की डाव्या बाजूचा वाक किती अंशांनी वाढवायचा, आणि तू तो आधी मोजतोस की ठोका मारून बघतोस? नमुन्यासाठी नव्या पत्र्याची पट्टी सोबत पाठवली आहे. लाटण्याची दिशा बाणाने दाखवली आहे. नीट बघ, घाई करू नकोस, चुकलास तर मी पहिल्यांदा गावभर सांगेन.

तू माझ्या बायकोला जे सांगितलंस ते मी विसरणार नाही. मी तुला जे कळवलं नाही ते तूही विसरू नकोस. आपलं वैर आहे तिथेच राहू दे. फक्त कोन पाठव.

कुरोइवा कात्सुनोरी
साचेविभाग
(अध्यक्ष कुरोइवा सातोए यांच्या आदेशावरून)